सिगारेट सोडल्यानंतरचं मन

सिगारेट सोडायला निघालेल्या माणसाला फुफ्फुसांबद्दल सगळे सांगतात. डॉक्टर सांगतात, पाकिटावरचं चित्र सांगतं, घरातली मुलं शाळेतून ऐकून येतात तीही सांगतात. पण सोडल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी नुसत्या पंख्याच्या आवाजानं डोकं का फिरतं, बायकोनं ‘दूध आणलंत का’ एवढं विचारलं तरी तिच्या अंगावर का जावंसं वाटतं, संध्याकाळी काही कारण नसताना घसा का दाटून येतो, हे कोणी आधी सांगून ठेवत नाही. मग माणूस घाबरतो. आपला खरा स्वभाव असाच होता की काय, अशी शंका त्याला येते. पुष्कळ जण या घाबरण्यातूनच पुन्हा टपरीवर जाऊन उभे राहतात. तलफ त्यांनी सोसली असती, स्वतःचं हे वागणं त्यांना सोसवत नाही.

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांशी बोलणं हेच माझं काम आहे. सोडायची कशी, यावर भरपूर लिहिलं-बोललं जातं. इथे मला लिहायचं आहे ते सोडल्यानंतरच्या दिवसांबद्दल, आणि त्यातही मनाबद्दल. विडी ओढणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

राग आला, पेटवली. कंटाळा आला, पेटवली. मोठं काम हातावेगळं झालं, वाईट बातमी आली, पाहुणे गेले, पाहुणे येणार आहेत, पेटवली. अशी पंधरा-वीस वर्षं गेली की प्रत्येक भावनेला एकच उत्तर मिळण्याची मनाला सवय होते आणि आतली भावना नेमकी कोणती, हे ओळखण्याची गरजच उरत नाही. सिगारेट सुटली की या सगळ्या भावना एकदम, उघड्याबोडक्या समोर येतात. त्यांतल्या काही निव्वळ निकोटिन तुटल्यामुळे आलेल्या असतात आणि आपोआप जातात. काही आधीपासून होत्याच, धुराआड होत्या. त्या थांबून राहतात आणि त्यांच्याकडे बघावं लागतं. क्वचित काही आजार असतात, त्यांना औषध लागतं. यातलं कुठलं काय, हे ओळखता येणं हाच सोडल्यानंतरचा खरा अभ्यास आहे.

आधी शरीराकडे बघू. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि तिथल्या ठरावीक जागांवर, म्हणजे ग्राहींवर, जाऊन बसतं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत या ग्राहींची संख्या वाढलेली असते. सोडल्यावर अवस्था अशी होते की जादा पानं मांडून पंगत बसली आहे आणि वाढपी आलाच नाही. आरडाओरड व्हायचीच. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं, त्यामुळे पहिल्या काही तासांतच चुळबुळ सुरू होते आणि दुसरा-तिसरा दिवस सर्वांत जड जातो. चिडचिड, धास्ती, उदासी, कामात लक्ष न लागणं, तुटक झोप, हे सगळं याच काळात शिगेला पोचतं आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. वाढलेले ग्राही पूर्ववत व्हायला मात्र दीड ते तीन महिने लागतात. म्हणून महिनाभरानंतरही मधूनच एखादा दिवस वाईट जातो. त्या दिवशी ‘इतके दिवस झाले तरी असंच चाललंय’ म्हणून हिंमत हरू नका.

‘सिगारेटनं माझा ताण जायचा’ ही समजूतही इथेच तपासून घ्यावी. झुरक्यानंतर बरं वाटायचं हे खोटं नाही. पण आधीच्या सिगारेटचं निकोटिन उतरल्यामुळे जी अस्वस्थता यायची, तीच पुढची सिगारेट घालवायची. दिवसातून दहा-पंधरा वेळा हा खेळ चालायचा आणि श्रेय सिगारेटला जायचं. 2014 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण कमी झालेला त्यात दिसला. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही हाच फरक होता. आज तिसऱ्या दिवशी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटणाऱ्याला हे पटणार नाही, मला ठाऊक आहे. त्याला मी एवढंच सांगते की आज जे वाटतंय ते या रस्त्यावरचं सर्वांत वाईट ठिकाण आहे, यापुढे उतार आहे.

पहिल्या आठवड्यातल्या चिडचिडीत दोन गोष्टी अशा असतात की ज्यांचा मनाशी संबंध आहे हे लक्षातच येत नाही. पहिली चहा. सिगारेटच्या धुरातले घटक यकृतातल्या एका एन्झाइमचा वेग वाढवतात आणि त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन झटपट बाहेर पडतं. सिगारेट बंद झाली की हा वेग मंदावतो. तेवढाच चहा, तेवढीच कॉफी, पण रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकतं. मग छातीत धडधडतं, हात थरथरतात, रात्री दोनला टक्क जाग येते आणि बिचारा माणूस समजतो की सिगारेट सोडणं आपल्याला मानवत नाही. सोडल्याच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा आणि दुपारनंतरचा कप बंद करा. इतकी साधी गोष्ट, पण झोपेत आणि स्वभावात आठवड्यात फरक पडलेला मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट बोलायला लोक लाजतात. सकाळी सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही. हे खरं आहे. निकोटिन आतड्यांना चालना देतं, ती थांबते. दोन-तीन दिवस पोट साफ झालं नाही तर संत माणूसही चिडेल. सकाळी कोमट पाणी, रात्री इसबगोल, रोज पेरू किंवा पपई, जेवणात पालेभाजी आणि सकाळचं चालणं, एवढ्यानं बहुतेकांचं काही आठवड्यांत मार्गी लागतं. भुकेचंही तसंच. सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं आणि या भीतीनं बरेच जण, विशेषतः मुली, परत ओढू लागतात. पहिला महिना डाएटच्या नादी लागू नका. एका वेळी एकच लढाई. खिशात फुटाणे ठेवा, ताक प्या, जेवणाच्या वेळा चुकवू नका, कारण उपाशी पोटी तलफ आणि राग दोन्ही दुप्पट होतात.

आता तलफ. ती आली की वाटतं, पेटवल्याशिवाय ही जाणारच नाही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती तीन ते पाच मिनिटांत उतरते. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनवरचे समुपदेशक चार गोष्टी सांगतात: थोडं थांबा, पाणी प्या, खोल श्वास घ्या, दुसरं काहीतरी करा. उपयोगाच्या आहेत. मी त्यात आणखी एक सांगते. ॲलन मार्लाट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. तलफेशी झोंबी घेण्याऐवजी तिच्याकडे नुसतं बघायला ते शिकवत. ती शरीरात कुठे जाणवते ते शोधा. जबड्यात? घशाशी? दोन बोटांच्या बेचक्यात? वाढतेय का, कमी होतेय का? घड्याळ समोर ठेवून हे एकदा केलं की कळतं, ती चढते, थोडी थांबते आणि उतरते. आपण काहीही केलेलं नसतं. पुढच्या तलफेची भीती इथे निम्मी होते, आणि हा काळ खडतर होतो तो तलफेपेक्षा तिच्या धास्तीमुळे.

आणखी एक. सिगारेटच्या त्या पाच मिनिटांत धुराखेरीजही काही असायचं. तुम्ही खुर्चीतून उठायचात, बाहेर उघड्यावर जायचात, कोणी काम सांगत नसे आणि श्वास खोल जायचा, सावकाश सुटायचा. यातली एकही गोष्ट वाईट नाही. सोडणारे लोक सिगारेटबरोबर हा विसावाही सोडून देतात, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा खुर्चीला चिकटून बसतात आणि मग सहनशक्ती कुठे गेली म्हणतात. अकरा वाजताची आणि चार वाजताची तुमची सुटी तुमचीच आहे, ती घ्याच. गच्चीवर जा, जिन्यानं दोन मजले खाली-वर करा, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला चालून या. फक्त पाय टपरीकडे वळू देऊ नका.

एक छोटी वही खिशात ठेवा किंवा मोबाइलमध्ये लिहा. तलफ आली की वेळ, कुठे होतात, आणि त्याच्या मिनिटभर आधी काय वाटत होतं, एवढंच. ‘ताण’ हा शब्द वापरायचा नाही, ही माझी अट असते. ताण म्हटलं की विचार तिथेच थांबतो. भूक, झोप, राग, अपमान, एकटेपणा, कंटाळा, भीती, लाज यांतलं नेमकं काय ते लिहायचं.

हे लिहिणं कुठे नेऊ शकतं, त्याचं एक उदाहरण सांगते. एका सहकारी बँकेत वसुलीचं काम करणारे गृहस्थ होते. थकबाकीदारांना फोन करायचे, आणि प्रत्येक अवघड फोननंतर खाली फाटकाशी जाऊन एक सिगारेट. सोडल्यावर पहिले आठवडे ते शिपायावर खेकसत होते, घरी मुलाच्या वहीवरून आकांडतांडव करत होते. हे निकोटिनचं असणार म्हणून आम्ही दोघंही धीर धरून होतो. पण महिना उलटला तरी वहीत एकाच वेळेला, दुपारी बारा ते दीडमध्ये, ‘राग, राग, राग’. मी विचारलं, फोन ठेवल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात काय होतं ते नीट सांगा. ते बराच वेळ गप्प बसले. हातातलं पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, लाज वाटते.”

थकबाकीदारांतले काही त्यांच्याच गावचे होते. एकाचा कांदा मातीमोल भावानं गेला होता, एकाचं किराणा दुकान बंद पडलं होतं. ज्यांच्या घरी लहानपणी जेवले, त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलावं लागत होतं. इतकी वर्षं ही लाज फाटकाशी धुरात जात होती. आता ती जायला जागा नव्हती, म्हणून रागाच्या रूपानं दुसऱ्यांवर निघत होती. नोकरी सोडण्यासारखी परिस्थिती नव्हती. मग त्यांनी एवढंच केलं, गावातल्या ओळखीच्या खात्यांची यादी एका सहकाऱ्याला दिली आणि त्याच्याकडची तेवढीच खाती स्वतः घेतली. अवघड फोन झाला की लगेच दुसरा लावायचा नाही, खिडकीपाशी दहा मिनिटं उभं राहायचं. आणि रात्री जेवताना बायकोला त्या दिवशीचं एकच प्रकरण, नाव न घेता, सांगायचं. राग पूर्णपणे गेला नाही, पण मुलाच्या वहीपर्यंत पोचेनासा झाला. त्यांना सिगारेटची उणीव भासत होती असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांना खरी उणीव होती ती हे कोणालातरी सांगण्याची.

म्हणून रागाबद्दल माझं सांगणं दोन टप्प्यांत आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या रागाला फार अर्थ चिकटवू नका. घरच्यांना, जवळच्या सहकाऱ्यांना आधीच सांगा की मी सिगारेट सोडतोय, पंधरा-वीस दिवस माझी जीभ घसरेल, मनावर घेऊ नका. जमिनीच्या वाटणीची बोलणी, राजीनामा, सोसायटीतलं भांडण, असलं काहीही या दिवसांत काढू नका. भडका उडतोय असं वाटलं की “दहा मिनिटांनी बोलू” म्हणून उठून जा आणि दहा मिनिटांनी खरोखर परत या. महिन्यानंतरही राग त्याच माणसापाशी, त्याच वेळेला येत असेल, तर मात्र त्याचं ऐकून घ्या. तिथे खरंच काहीतरी बदलायला हवं आहे.

दुःखाची गोष्ट वेगळी. सिगारेट सोडल्याचं दुःख होतं, हे कबूल करायला लोकांना अपराधी वाटतं. जिच्यामुळे खोकला झाला, पैसे गेले, तिच्यासाठी कसलं दुःख? पण कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून सुखदुःखात जी हाताशी होती, ती गेल्यावर रिकामं वाटणारच. त्या वाटण्याला हसू नका आणि दाबूही नका. ‘मला तिची आठवण येते’ असं मोठ्यानं म्हणणारा माणूस परत ओढतोच असं नाही. उलट जो सारखा ‘मला काहीच वाटत नाही’ म्हणतो, त्याची मला जास्त काळजी वाटते.

कधी कधी हे दुःख सिगारेटचं नसतंच. एका निवृत्त शिक्षकांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी एका दिवसात सोडली. तलफेचा त्यांना फारसा त्रास झाला नाही, पण रोज रात्री जेवणानंतर गॅलरीत गेले की त्यांना रडू यायचं. मुलगा घाबरून त्यांना घेऊन आला. बोलता बोलता कळलं की पत्नी हयात असताना दोघं त्या वेळेला गॅलरीत बसून दिवसभराचं बोलत. पत्नी गेल्या आणि त्या खुर्चीशेजारी सिगारेट आली. तीन वर्षं त्यांनी रडणं पुढे ढकललं होतं. त्यांना औषधाची गरज नव्हती. ते रडले, काही दिवस रडले, आणि मग रात्रीच्या त्या वेळेला नगरला राहणाऱ्या आपल्या बहिणीला फोन करू लागले.

एकटेपणाचं सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे टपरी. ऑफिसात ज्याच्याशी कधी बोलणं झालं नसतं अशा माणसाशी मैत्री तिथे होते. कटिंग आणि सिगारेट यांच्यामध्ये बढतीच्या बातम्या, मुलांच्या ॲडमिशन, कोणाच्या घरचं आजारपण, सगळं बोललं जातं. सोडलं की माणूस या गोटातून बाहेर पडतो आणि ते लागतं. पहिले तीन-चार आठवडे तिकडे जाऊ नका, असं मी सांगते. पण मित्र तोडू नका. त्यांना कॅन्टीनमध्ये चहाला बोलवा, दुपारचा डबा त्यांच्याबरोबर खा. आणि त्यातल्या एका विश्वासाच्या माणसाला स्पष्ट सांगून ठेवा: “मी मागितली तरी देऊ नकोस.” महाराष्ट्रात 2020 पासून सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीला बंदी आहे, तरी सुटी मिळते आणि मित्राच्या पाकिटातली तर फुकटच मिळते. पाकीट विकत घेताना माणूस विचार करतो. समोर धरलेली एक सिगारेट मात्र विचाराच्या आधी ओठात गेलेली असते. शुक्रवारच्या ‘बसण्या’बद्दलही तेच. दोन पेगनंतर निश्चय टिकवणं फार थोड्यांना जमतं. पहिला महिना तरी दारूपासून लांब राहा.

टपरीवरची मंडळी निदान उघडपणे ओढतात. जे लपून ओढतात त्यांचं सोडणंही लपूनच होतं, आणि ते जास्त अवघड जातं. हिंजवडीत नोकरी करणारी, घरी सासू-सासरे असलेली एखादी मुलगी, किंवा वडिलांना कळू नये म्हणून धडपडणारा पोरगा. चिडचिड झाली तर कारण सांगता येत नाही, आठवडाभर सोडली तर कोणी पाठ थोपटत नाही. ‘हल्ली हिचं काहीतरी बिनसलंय’ एवढंच घरात बोललं जातं. बायकांना तर सोडण्याचं कौतुक मिळण्याआधी ओढण्याबद्दल बोलणी खावी लागतात. अशांनी एकटं राहू नये, हे मी अगदी कळकळीनं सांगते. एक मैत्रीण, एक बहीण, एक डॉक्टर, कोणीतरी एक जण माहीतगार हवाच. तेही नसेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन आहे: 1800-11-2356. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. 2018 पासून हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. तुम्ही तो रोज हातात धरत होता.

कंटाळ्याला मात्र मोठी उत्तरं शोधत बसू नका. लोकलची वाट बघणं, रात्रपाळीतला तीनचा सुमार, जेवणानंतरची ती दहा मिनिटं, अशा ठरावीक जागा असतात. तिथे हाताला आणि तोंडाला काहीतरी हवं: वेलची, लवंग, बडीशेप, ओवा. पण सुपारी नको, आणि तंबाखू, मावा, गुटखा तर अजिबात नको. आपल्याकडे सिगारेट सोडून तंबाखू मळायला लागलेले कितीतरी आहेत. त्यात निकोटिन तेच, कर्करोग फक्त छातीतून तोंडात येतो. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे. ई-सिगारेटवर तर देशात 2019 पासून बंदीच आहे.

ज्यांची चिडचिड किंवा धास्ती फारच अनावर होते, त्यांनी औषधाला कमीपणा मानू नये. ‘एक व्यसन सोडायला दुसरं कशाला’ असं ऐकू येतं. निकोटिन च्युइंगममध्ये धूर नाही, डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. मेंदूला थोडं थोडं निकोटिन देत ते हळूहळू कमी करत नेण्याचा तो रस्ता आहे. 2 मिलिग्रॅमचं च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. चुकतं ते चघळण्यात. साध्या च्युइंगमसारखं सारखं चावलं तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, जळजळते, आणि माणूस ‘मला चालत नाही’ म्हणून टाकून देतो. थोडं चावायचं, झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, झणझण गेली की पुन्हा थोडं चावायचं, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत काही नको. ज्यांना सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आतच पहिली सिगारेट लागायची, त्यांना जास्त मात्रा लागू शकते. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही उपयोगी आहेत, पण त्या डॉक्टरांच्याच देखरेखीखाली. फिट येण्याचा त्रास असलेल्यांना ब्युप्रोपिऑन देत नाहीत.

आणि आता ती गोष्ट जिच्याबाबत वाट पाहू नये. दोन आठवडे सलग मन खाली आहे, कशातच रस वाटत नाही, झोप-भूक गेली आहे, आपण निरुपयोगी आहोत असं सारखं वाटतंय, तर हे ‘सिगारेट सोडल्याचं’ म्हणून अंगावर काढू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलं असेल तर सोडण्याआधीच डॉक्टरांना कल्पना द्या. क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारखी मनाच्या आजाराची औषधं चालू असणाऱ्यांनी तर आवर्जून. चहाबद्दल वर सांगितलं तेच इथे लागू होतं. धूर थांबल्यावर या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, मात्रा कमी करावी लागू शकते. ती आपल्या मनानं करायची नाही. मधुमेहींनीही साखर थोडी जास्त वेळा तपासावी.

सगळं नीट चाललेलं असताना एखादे दिवशी एक ओढली जाते. लग्नात, भांडणानंतर, कधी उगीचच. त्या एका सिगारेटपेक्षा तिच्या मागून येणारी शरम जास्त नुकसान करते. ‘माझ्यात निश्चयच नाही, आता मोडलंच आहे तर ओढूया’ या वाक्यावर स्वार होऊन माणूस रात्रीपर्यंत पाकीट संपवतो. एक ओढली तर काही बिघडत नाही, असं मी म्हणणार नाही. बहुतेकांचं परत सुरू होणं अशाच एकीनं होतं. पण त्याच तासात थांबलात तर ते घसरणं राहतं, पडणं होत नाही. उरलेली पाण्याखाली धरून टाकून द्या. वहीत लिहा: कुठे, कोणाबरोबर, आधी काय वाटत होतं. आणि सोडताना ज्याला सांगितलं होतं त्याला त्याच दिवशी सांगा. लपवलेली एक सिगारेट दुसरीला बोलावते.

घरच्यांसाठी दोन शब्द, कारण हे सगळं त्यांच्यासमोर घडतं. शर्टाचा वास घेऊ नका, बोटं हुंगू नका. पकडला जाईन या भीतीनं माणूस खोटं बोलायला शिकतो आणि मग घसरल्यावर तुमच्याकडे येत नाही. दुसऱ्या टोकाला, त्याच्या चिडचिडीला कंटाळून “अहो, ओढा एकदाची, पण घरात शांतता राहू द्या” असं म्हणणाऱ्या बायका मला भेटतात. त्यांचा त्रास मला समजतो, पण हे वाक्य तेवढं म्हणू नका. सोडणारा माणूस परवानगीच शोधत असतो. वाट्टेल ते ऐकून घ्या असंही माझं म्हणणं नाही. सिगारेट सोडणं हा कोणाच्या अंगावर ओरडण्याचा, हात उगारण्याचा परवाना होत नाही. “मी आत्ता बाहेर जाते, शांत झालात की बोलू” हे दोघांच्याही भल्याचं आहे. आणि पैसे वाचतात ते नुसते घरखर्चात मिसळू देऊ नका. महिन्याच्या शेवटी त्यातून काहीतरी आणा, ज्याच्याकडे बोट दाखवून हे सिगारेटच्या पैशाचं, असं म्हणता येईल.

वर्ष उलटल्यावर तलफ विसरायला होते, पण तिच्या काही ठरावीक जागा राहतात. स्मशानातून परतताना, हॉस्पिटलच्या आवारात रिपोर्टची वाट बघताना, कॉलेजचा ग्रुप पुन्हा भेटतो त्या रात्री ती पूर्वीइतक्याच जोरानं येते. म्हणजे मधलं वर्ष फुकट गेलं असं नाही. त्या प्रसंगातली भावना सिगारेटशिवाय तुम्ही पहिल्यांदाच अनुभवत असता, इतकंच. असे प्रसंग आधी माहीत असतात तेव्हा तयारी करून जा. न ओढणारा एक जण बरोबर ठेवा, वेलची खिशात ठेवा, दारू टाळा, आणि लवकर निघायचं असेल तर त्याचं कारण घरूनच ठरवून न्या. अचानक आलेल्या प्रसंगात मात्र कोणालातरी फोन लावा आणि नेमकं काय वाटतंय ते सांगा. तीन ते पाच मिनिटांचा हिशेब वर्षानंतरही तोच असतो.